बांगड्या काढून

जुलैची नऊ तारीख. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते, त्यामुळे आमच्या आरोग्य केंद्राच्या पडवीत बसायला जागा नव्हती. पायरीवर उघड्याच ठेवलेल्या छत्र्यांचं पाणी ओघळत वजनकाट्यापर्यंत आलं होतं आणि तिथल्या मावशी मधूनमधून पायानेच फडकं फिरवत होत्या. भाचीचा नंबर आला. तिने चपला काढल्या, ते ठीक. पर्स माझ्या हातात दिली, मोबाईल दिला, भिजलेली ओढणी काढून बाकावर टाकली. आणि मग काट्यापाशी उभी राहून हातातल्या बांगड्या उतरवायला लागली. हिरव्या काचेच्या, पंधरा दिवसांपूर्वी सासरी ओटी भरली तेव्हा भरलेल्या. एकेक बांगडी अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकायची, ही ओठ दाबून हात चोळायची, अंगठा आत मुडपायची, आणि निघाली की टेबलावरच्या जाडजूड रजिस्टरवर नीट ठेवायची. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काय गो, आंघोळीक चललंस काय?" सगळ्या हसल्या. भाची हसली नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काटो बांगडये पण धरता, आते."

सिस्टर घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. त्यांचं लक्ष बांगड्यांवर नव्हतं आणि काट्यावरही नव्हतं, त्या अडकणाऱ्या अंगठ्याकडे बघत होत्या. "भरल्या तेव्हा अशाच घट्ट होत्या का गं?" भाची म्हणाली, नाही, सहज गेल्या होत्या. सिस्टरनी तिला काट्यावरून खाली घेतलं, बाकावर बसवलं, सलवार वर सारून नडगीच्या हाडावर अंगठा दाबला आणि मनात काहीतरी मोजत तसाच धरून ठेवला. उचलल्यावर खळगा राहतोय का ते बघितलं. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे येतात का, सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं वाटतं का, असं सगळं एका दमात विचारलं. रक्तदाब घेतला, ११८ वर ७६. लघवीची बाटली देऊन आत पाठवलं. त्यातही काही निघालं नाही तेव्हा कुठे त्या सैलावल्या आणि पोरीला काट्यावर उभं केलं. ७२.४. "खाऊन चढलेलं वजन मला समजतंय," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "पण आठवड्यात एकदम दोन किलो चढलं की ते पाणी असतंय, त्याला मी भिते. बांगड्यांचं किती असतंय गं? घाल परत."

पण बांगड्या परत गेल्या नाहीत.

मी त्या रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवल्या. रिक्षा खड्ड्यात गेली की आतून बारीक किणकिण व्हायची. मी पर्स मांडीवर घट्ट दाबून धरली, आणि धरल्यावर माझ्याच लक्षात आलं की हा आवाज मी असाच दाबून धरलेला आहे, पूर्वी कधीतरी, काचेचा नव्हे, लोखंडाचा. घरी पोचेपर्यंत मी भाचीशी फार बोलले नाही.

तिचं घाबरणं अगदीच हवेतलं होतं असं नाही. पोर पाच फूट एक इंच उंच आहे आणि दिवस राहिले तेव्हा एकसष्ट किलो होती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात अकरा किलो वाढली. आपल्याकडे सरसकट दहा-बारा किलो वाढावं असं सांगतात, पण खरं तर प्रत्येकीचा हिशोब ती सुरुवातीला किती होती त्यावर ठरतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००९ साली केलेला एक तक्ता डॉक्टर लोक वापरतात. उंचीच्या मानाने बाई आधीच हडकुळी असेल तर तिने साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवं, बेताची असेल तर साडेअकरा ते सोळा, आणि थोडी भरलेली असेल तर सात ते साडेअकरा. भाची त्या तिसऱ्या रांगेत बसते, तीही अगदी उंबरठ्यावर. म्हणजे ती खाजगीकडे दाखवते त्या डॉक्टरीणबाई चुकीचं काही बोलल्या नव्हत्या. फक्त कार्डावरून मान वर न करता म्हणाल्या, "खाणं आवरा, नाहीतर बाळ मोठं होईल आणि मग सिझर." त्या एका वाक्याने पोरीची झोप उडाली. साखरेची तपासणी झाली, ते पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजचं पाणी नाक दाबून प्यायली, दोन तासांनी रक्त दिलं. १४० पासून पुढे गरोदरपणातला मधुमेह धरतात, हिची १३२ आली. कोणी दुसरी असती तर सुटलो म्हणाली असती. हिने १३२ हा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवला आणि खाली लिहिलं, 'जवळच आहे'.

मोबाईलमध्ये तिचं एक ॲपही आहे. ते दर आठवड्याला बाळ कुठल्या फळाएवढं झालं ते सांगतं. एकदा म्हणे ब्लूबेरीएवढं. ब्लूबेरी आमच्या घरात कोणी पाहिलेली नाही. माझ्या आईने विचारलं, "म्हणजे करवंदाएवढा?" भाची म्हणाली, तसंच काहीतरी. मग आईने तीन आठवडे घरी येईल त्याला सांगितलं की करवंद झालंय.

आणि ही मुलगी दिवसभर करते काय, तर वजनं. माझ्या भावाचा काजूगराचा बारकासा धंदा आहे, देवगडच्या बाजारात आणि हायवेवरच्या दोन-चार दुकानांत पाकिटं जातात. ती माहेरी आल्यापासून पाव किलोची पाकिटं भरण्याचं काम तिनेच अंगावर घेतलं, बसल्या बसल्या होतं म्हणून. समोर छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, एका बाजूला अख्खे गर, दुसऱ्या बाजूला पाकळी. २५१ दाखवलं की एक गर उचलायचा, २४९ झालं की त्या जागी छोटासा ठेवायचा. मी समोर बसून बघत होते. तो उचललेला गर लहानपणी आम्ही सरळ तोंडात टाकायचो, तेच तर त्या कामाचं सुख होतं. ही तो बोटांत क्षणभर धरते, बघते, आणि बरणीत परत टाकते. "एका काजूच्या नऊ कॅलरी, आते." मी म्हटलं, मेल्या त्या नऊ, खा. तिने खाल्ला नाही. मी मात्र त्या दुपारी मूठभर पाकळी फस्त केली, रागाने.

दुसऱ्या बाजूला वहिनी. वहिनीच्या हिशोबात कॅलरी बसत नाहीत, तिचा हिशोब एकच, "दोन जीवाची ती, खाऊक नको?" सकाळी घावणे आणि चहा, दहा वाजता तुपातला शिरा, दुपारी भात आणि पुन्हा भात, चार वाजता नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, रात्री केशर घातलेलं दूध, बाळ गोरं व्हावं म्हणून. मधे येता-जाता फणसाचं साठ आहेच. लेक नको म्हणाली की वहिनीचं तोंड पडतं. ते पडलेलं तोंड बघवत नाही म्हणून लेक खाते, आणि खाल्लं म्हणून रात्री रडते. दोघी एकमेकींच्या जिवावर उठल्यासारख्या प्रेमाने वागत होत्या. मी आते असल्यामुळे मला मधे बोलायचा अधिकार अर्धाच.

शेवटी आशाताई घरी आल्या तेव्हा त्यांनीच वहिनीला सांगितलं, पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तीचं काही लागतच नाही, पुढे दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी वाढवल्या की झालं. वहिनी म्हणाली, माका तुझ्या कॅलऱ्या नको, भाषेत सांग. तर ते भाषेत असं झालं: नाचणीची एक भाकरी, एक उकडलेलं अंडं, वाटीभर मुगाची नाहीतर कुळथाची उसळ. बस्स. दुसऱ्या जिवाचं जेवण एवढंच. वहिनीला ते इतकं अपमानास्पद वाटलं की तिने दोनदा विचारून खात्री केली. मग वाढलेल्या वजनात काय काय असतं तेही निघालं. बाळ तीन किलोचं, वार अर्धा-पाऊण किलो, भोवतीचं पाणी किलोभर, पिशवी स्वतःच किलोच्या घरात जाते, अंगातलं वाढलेलं रक्त दीडेक किलो, आणि उरलेली चरबी पुढे दूध पाजायला शिल्लक म्हणून साठवलेली. भाऊ खळ्यात काजू निवडत बसला होता, तो तिथूनच म्हणाला, "म्हणजे आंब्याच्या पेटीसारखा. आंबो येगळो, पेंढो येगळो, फळी येगळी." आयुष्यभर पेट्या भरलेल्या माणसाला ते एका फटक्यात कळलं. भाचीही हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा.

पावसाळ्यात आमच्याकडे गरोदर बाईचं खाणं अवघडच असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि नेमके हिला डोहाळे बांगड्याच्या तिखल्याचे. बांगडा, तारली ही लहान मासळी पोटुशीला चांगलीच, बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी तिच्यात असते आणि मोठ्या शिकारी माशांत साठतो तसा पारा तिच्यात साठत नाही. पण बंदीत आणायचा कुठून? घरात होती ती सुकट, सोडे, आणि आईने बाळंतपणासाठी फडक्यात बांधून ठेवलेली सुकी मोरी. मोरी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं हे आमच्याकडे वेदवाक्य. मोरी म्हणजे शार्कच, पारा साठवणाऱ्यांतलीच ती. मी तसं सांगितल्यावर आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू तिच्या दोन्ही मुलांचं दूध मी मागाहून नासवलं. मी विषय बदलला.

पालेभाजीवरून तर उघड भांडण. परसात टाकळा मातला होता, अळू होतं, कुंपणाला शेवगा पानांनी लवलेला. वहिनीचं म्हणणं, पावसाच्या चिखलातला पाला पोटुशीने खाऊ नये. त्यात तथ्य आहेच, न धुता खाल्ला तर. पण मला राहून राहून पुण्याजवळच्या त्या सहा गावांची गोष्ट आठवत होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या बायकांचं गरोदरपणातलं खाणं मोजलं आणि नंतर बाळं मोजली. अंदाज असा की जी जास्त खाते तिचं बाळ मोठं. तसं निघालं नाही. एकूण कॅलरींचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी धड मेळ लागेना. मेळ लागला तो दुधाचा, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात खाल्लेल्या हिरव्या पालेभाज्यांचा नि फळांचा. अठ्ठावीस, म्हणजे आमची भाची आत्ता आहे तिथेच. मी हे वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, घाटावरच्या बायका त्या, त्यांका पावस म्हायत हा काय? त्यावर आई काही न बोलता उठली, सूप घेऊन परसात गेली, टाकळ्याची कोवळी शेंडी तेवढी खुडून आणली, तीन पाण्यांनी धुतली, आणि उन्हाळ्यात राखेत पुरून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या चेचून, लसूण आणि ओलं खोबरं घालून भाजी केली. भाचीने ती दोनदा मागून घेतली. आईने वाढताना एवढंच विचारलं, "भूक लागली हा काय?" तेव्हा मला जाणवलं की सबंध आठवड्यात हा प्रश्न त्या पोरीला घरात कोणी विचारलाच नव्हता. खाल्लंस का, किती खाल्लंस, का खाल्लंस, का नाही खाल्लंस, हे सगळं विचारून झालं होतं.

त्या पुण्याच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. तिथली बाळं सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा चांगलीच लहान. पण बारीक म्हणावीत तर तशीही नव्हती. मांस कमी, आणि चरबी मात्र जवळजवळ जागच्या जागी. पुढे जाऊन साखरेचा आजार जडतो त्याची मुळं तिथवर जातात, असं त्यावरून मांडलं गेलं. मला तेव्हा लगेच माझा भाऊ आठवला होता. काटकुळे हातपाय, पुढे आलेलं पोट, पंचेचाळिशीत लागलेल्या साखरेच्या गोळ्या. एका भावावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण त्याच्या वेळची गोष्ट आईने कितीदा तरी सांगितली आहे. १९७२ साल. खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर तरीवाल्याला हाक मारायची, आणि रात्री तर बंद. आठवा लागल्यापासून आई अर्धी भाकरी खायची. कोणी कमी दिली म्हणून नव्हे, तिने आपणहून कमी केली. तिच्या आईने केली होती, सासूने केली होती. "पोर मोठा झाला तर अडाकतला. अडाकल्यार सुईण काय करतली?" ह्याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. पोट फाडून बाळ काढणारा डॉक्टर खाडीपलीकडे आणि खाडीत होडी नाही, तर बाई दुसरं काय आवरणार, स्वतःचं ताटच ना? आता दारात रिक्षा येते, एकशे आठला फोन लावला तर गाडी येते, तरी भाची बाळ मोठं होईल ह्याच भीतीने काजू बरणीत परत टाकते. आईच्या भीतीला निदान खाडी होती.

आणि माझं काय होतं?

२००१ साली मी सातव्या महिन्यात ठाण्याहून माहेरी आले ती पंचेचाळीस किलोची. दिवस राहिले तेव्हा बेचाळीस होते. पाचव्यापर्यंत उलट्या, ते एक कारण होतंच. लोहाच्या लाल गोळ्यांनी मळमळायचं म्हणून त्या मी चाळीच्या गॅलरीतल्या तुळशीत पुरल्या, हेही खरं. लिंबू पिळून घे, चहाबरोबर घेऊ नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे, हे मला तेव्हा कोणी नीट सांगितलंही नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. सासरी कोणी मला उपाशी ठेवलं नाही. कोणी टाकून बोललं नाही. फक्त मी जेवायला बसायचे तेव्हा आमटीच्या टोपात पळी खरवडल्याचा आवाज यायचा. पुरुष जेवले, मुलं जेवली, सासूबाई जेवल्या, मग मी. कालवण असायचं, त्यात मासा नसायचा. कोणाच्या लक्षात येत नव्हतं आणि मी आणून देत नव्हते. ऑफिसातून आल्यावर वडापाव खाल्ला तर तो घरात काही नाही म्हणून खाल्ला असा अर्थ निघेल, म्हणून तोही बंद केला होता.

आता हे आईला कसं सांगायचं? कार्डावर वजन दिसणार, सिस्टर म्हणणार, अगं तीनच किलो? आणि आई शेजारीच उभी असणार. आईने ठाण्याला पत्र लिहिलं असतं, नाहीतर एसटीत बसून स्वतःच गेली असती. म्हणून त्या सकाळी उपकेंद्रात जाण्यापूर्वी देवखोलीच्या दाराआडच्या खुंटीवरचा घरच्या चाव्यांचा जुडगा मी काढला, रुमालात घट्ट गुंडाळला आणि परकराच्या नाडीला बांधून आत सोडला. कोठीची ती वीतभर लोखंडी चावी, पेटीची, माडीच्या कुलपाची, आणखी कसल्या कसल्या. मला तो केवढा जड वाटला होता! पाणंदीतून चालताना मी एक हात सारखा पोटाखाली धरून होते. बायकांना वाटलं असेल, कळा बिळा येतायत. सुईचा काटा होता. सुई पंचेचाळीस आणि सेहेचाळीसच्या मधे थरथरत राहिली, थांबेना. सिस्टरना घाई होती, त्यांनी सेहेचाळीस लिहिलं. "वाढायला पाहिजे अजून," एवढंच म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं. मी विजयी मुद्रेने खाली उतरले.

मुलगा २ किलो ३०० ग्रॅमचा झाला. अडीचच्या आत, म्हणजे कमी वजनाचा. आज तो चोवीस वर्षांचा आहे, आमच्या ह्या घराच्या दारातून वाकून आत येतो, त्याला काही झालेलं नाही. पण सुई जर पंचेचाळीसवर थांबली असती तर सिस्टर जरा जास्त बोलल्या असत्या का, पुढे पाठवलं असतं का, ह्या प्रश्नाने मला दर काही वर्षांनी एखादी रात्र जागवलंय. मधली बरीच वर्षं मी तो विसरलेही होते. मग ह्या पोरीने रजिस्टरवर बांगड्या मांडल्या.

त्या रात्री एकच्या सुमाराला स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला. उठून बघितलं तर भाची काळोखात माठातलं पाणी पीत उभी. एक पेला, लगेच दुसरा. मी दिवा लावला. "तहान लागली?" म्हटलं, तर मान हलवली. "भूक लागली?" तर तिथेच भांड्यांच्या फळीला टेकून रडायला लागली. रात्री जेवलीच नव्हती, पोट बिघडलंय असं सांगून. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंही. गॅसवर पाणी ठेवलं, नाचण्याचं पीठ कालवलं, पेज ढवळत बसले. पेजेला गुठळी होऊ द्यायची नसेल तर हात थांबवता येत नाही आणि हात चालू असला की तोंड आपोआप चालतं. मी तिला चाव्यांची गोष्ट सांगितली. ठाण्याची, टोपातल्या पळीची, सगळी. आधी कधी कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. ती रडणं विसरून ऐकत होती. तिने वाटीतली पेज फुंकरून अर्धी संपवली, त्यात गूळ किती घातलास हे विचारलंच, आणि मग एकदम म्हणाली, "आते, किती वजन होता गो त्येंचा?"

मला कसं ठाऊक असणार! मी म्हटलं, असेल किलोभर.

ती उठली. देवखोलीच्या दाराआड तो जुडगा अजून त्याच खुंटीला असतो. तो घेऊन आली, ओटीवरून काजूचा काटा उचलून आणला, बटण दाबलं, शून्य होईपर्यंत थांबली आणि चाव्या हळूच वर ठेवल्या. २८५. पाव किलोचं पाकीट आणि वर थोडे काजू. आम्ही दोघी त्या लाल आकड्याकडे बघत राहिलो. मला हसू यायला हवं होतं.

"भांडी कसली वाजतंत?" आई दारात उभी होती, खांद्यावर गोधडी. तिने पेजेचं टोप बघितलं, काटा बघितला, चाव्या बघितल्या. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "त्या दिवशी कोठी उघडूक चावी गावाक नाय माका. शेजारणीकडसून तांदूळ आणलंय, दोन शेर. तू येवन चावी परत लावलंस ता बघलंय मी."

मग मला एकेक आठवायला लागलं. त्याच रात्रीपासून ती मला पहाटे चारला उठवायची. हातात नाचण्याच्या पेजेचा पितळी पेला, गूळ आणि नारळाचा रस घातलेली, आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उकिडवी बसून राहायची, बोलत काहीच नसे. मला वाटायचं, आमच्याकडे पोटुशीला पहाटे पेज द्यायची रीतच असेल. पुढे मैत्रिणींना मी ती रीत म्हणून सांगितलीसुद्धा आहे.

"ठाण्याक कित्याक नाय बोललंस गो तू कायच?" मी विचारलं.

तिने उत्तर दिलं नाही. खाली बसली, भाचीच्या वाटीत उरलेली पेज वाढली, आणि मग काट्याकडे वाकून, चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक करून, जुडगा बोटाने थोडा फिरवला. "ही कपाटाची चावी तेव्हा नाय होती," ती म्हणाली. "कपाट मागसून घेतलव. ती काढ आधी."

भाचीने कडीतून चावी सोडवून बाजूला ठेवली. आकडा जरा हलला आणि थांबला. २६२.